दुष्काळाच्या नोंदी ठेवताय? या चुका टाळा

मराठवाड्यातल्या गावांत विहिरींची पातळी आणि पिकांची उपग्रहचित्रं ताडून पाहायचं काम मी बरीच वर्षं करतोय. नवी मुलं येतात, त्यांना पहिल्याच आठवड्यात नकाशा हवा असतो. चुका मात्र दरवर्षी त्याच.

सगळ्यात महागात पडते ती विहिरीवरची चूक. जालना जिल्ह्यातल्या एका गावात मे महिन्यात पाणी 9.4 मीटर खोलीवर होतं, पुढच्या मे महिन्यात 8.5 वर. पातळी मीटरभर वर आली म्हणून गाव खूश. त्या भरवशावर दोघांनी मोसंबी लावली. पुढच्या उन्हाळ्यात टँकर घालूनही झाडं वाळली. मग वही घेऊन विहिरीवर गेलो, तेव्हा उलगडलं: आधीचा मुलगा कठड्याच्या माथ्यावरून टेप सोडायचा, नंतरचा जमिनीपासून मोजायचा. कठडा 90 सेंटिमीटरचा. पाणी होतं तिथेच होतं. ती वही मी स्वतः तपासली होती. वाळलेली बाग तोडताना पाहिलीय, म्हणून इतकं कळकळीने सांगतोय.

तेव्हापासून कठड्यावर तैलरंगाने खूण केल्याशिवाय मी टेप काढत नाही. वहीच्या पहिल्या पानावर कठड्याची उंची. आणि मोटर बंद होऊन किमान रात्रभर गेलेली हवी. शेतीची वीज रात्रपाळीला असेल त्या आठवड्यात पहाटेचं माप फसवं असतं. मालकाला विचारा, वाट पाहा. शेजारचा बोअर चालू असला तरी परत जा.

दुसरी चूक हिरव्या रंगावर भाळण्याची. भर दुष्काळातही चित्रात हिरवं दिसतं, कारण बोअरवरचा ऊस हिरवा असतो आणि ओढ्याकाठची वेडी बाभूळही. मी फक्त कोरडवाहू सोयाबीन-कापसाचे तुकडे निवडतो, तेही शेतात पायी फिरून, आणि दरवर्षी सप्टेंबरचा तोच आठवडा पाहतो. ढग आले तर ते वर्ष रिकामं सोडतो. शेजारच्या महिन्याचं चित्र चिकटवून जागा भरणं मला मान्य नाही.

युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाची, एका ठिपक्यात 10 मीटर जमीन दाखवणारी चित्रं सुंदर, पण ती सुरू होतात 2015 पासून, म्हणजे ऐन दुष्काळात. त्या वर्षाला पाया धरलात तर पुढचं जवळपास प्रत्येक वर्ष बरंच दिसणार. तुलनेसाठी अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची जुनी चित्रं घ्या. जाडीभरडी आहेत, वेळ खातात, तरीही घ्या.

तालुक्याचा पाऊस गावाच्या नावावर लिहू नका.

वर्षाची बेरीज पुरेशी नाही. जुलै-ऑगस्टमधला खंड किती दिवसांचा, ते वेगळं लिहा.

पैसेवारी म्हणजे पिकाचा अंदाज, पाण्याचं माप नव्हे.

एक पावसाळा बरा झाला की नोंदी बंद करण्याची घाई होते. बेसॉल्टमधल्या, म्हणजे काळ्या कातळातल्या, उथळ विहिरी एका पावसात भरतात आणि उपसा वाढला की जानेवारीतच तळ दाखवतात. म्हणून ऑक्टोबरच्या मापावर मी काहीच ठरवत नाही. जानेवारी, मार्च आणि मे, तिन्ही हातात आल्यावरच शेतकऱ्याशी बागेचं बोलतो.