पावसाळ्यात बुरशी घालवायला एक्झॉस्ट फॅन घेताय? या चुका टाळा

जुलै-ऑगस्टमध्ये कपाटामागे काळे ठिपके दिसले, चामड्याच्या चपला-पट्ट्यांवर पांढरी बुरशी चढली, की सल्ला ठरलेला असतो: हवा खेळती ठेवा, एक्झॉस्ट फॅन बसवा. हा सल्ला अर्धाच खरा आहे. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात पावसाळ्यातली बाहेरची हवा घरातल्या हवेइतकीच, कधी कधी जास्तच ओली असते. ती आत घेऊन घर कोरडं होत नाही. म्हणून यंत्र निवडण्याआधी दोन गोष्टी ठरवा: कुठली हवा बाहेर काढायची आहे, आणि तिच्या जागी कुठली हवा आत येणार आहे.

थंड देशातला उपाय इथे लावणं

ब्रिटनमध्ये माळ्यावर एक पंखा बसवून गाळलेली बाहेरची हवा घरात ढकलतात. तिकडे त्याचा उपयोगही होतो. हिवाळ्यात ५ अंशांची हवा पूर्ण भिजलेली असली तरी घनमीटरला ७ ग्रॅमही पाणी धरत नाही. ती घरात २० अंशांना तापली की आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते. आपल्याकडे जुलैत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली तर घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. ही हवा एसीच्या २४ अंशांच्या खोलीत शिरली तर तिथे तेवढं पाणी हवेत मावतच नाही. ते गार भिंतीवर, काचेवर, गादीत जातं. एसी चालू असताना ‘जरा हवा येऊ दे’ म्हणून खिडकी किलकिली ठेवणं पावसाळ्यात महागात पडतं ते यामुळे.

महागडी हीट रिकव्हरी यंत्रणा (आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा यांच्यात उष्णतेची देवाणघेवाण करणारी) घेतानाही हेच लक्षात ठेवा. काही यंत्रं फक्त उष्णता वाचवतात. ओलावाही अडवणारी ईआरव्ही (एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर) दमट हवेत बरी, पण तीसुद्धा घर सुकवत नाही, आत येणारा ओलावा कमी करते इतकंच.

गळतीवर पंखा लावणं

पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा मारा बसतो, प्लास्टरला भेगा असतात, टेरेसचं वॉटरप्रूफिंग गेलेलं असतं. तिथे कुठलाच पंखा कामाचा नाही. तपासायला भिंतीवर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावा आणि दोन दिवस ठेवा. पाणी फॉइलच्या मागे, भिंतीकडे साचलं तर ते भिंतीतून येतंय. आधी बाहेरचं काम करा. खोलीच्या बाजूला थेंब आले तर ओल हवेतली आहे. पोपडे आणि पांढरे क्षार दिसले तरी बहुधा भिंतीतलंच पाणी समजा.

बाथरूमचा पंखा

गरम पाण्याच्या अंघोळीनंतर बाथरूममधली हवा बाहेरच्यापेक्षा नक्कीच ओली असते, त्यामुळे इथे एक्झॉस्ट फॅन भर पावसातही उपयोगी पडतो. चुका होतात त्या आकारात आणि वापरात. पाच बाय सात फुटांचं, नऊ फूट उंचीचं बाथरूम म्हणजे साधारण ९ घनमीटर. ताशी दहा वेळा हवा बदलायची तर ताशी ९० घनमीटर पुरे. सहा इंची पंखा भागवतो, बारा इंची लागत नाही. मात्र हवा लांब, वळणाच्या पाइपातून न्यायची असेल तर साधा पात्यांचा पंखा दाब देऊ शकत नाही. तिथे पाइपातच बसणारा इनलाइन फॅनच घ्या. दाराखाली बोटभर फट नसेल तर पंखा नुसता आवाज करतो. बाहेरच्या बाजूला आपोआप मिटणारी झडप हवी, नाहीतर डक्टमधली ओली हवा आणि कबुतरं दोन्ही आत येतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बेडरूममध्ये एसी आणि जोडलेल्या बाथरूमचा पंखा रात्रभर चालू. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी दमट हवा फटींतून खोलीत शिरते. अंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं पुरे. स्विचच्या जागी टायमर बसवून घ्या.

आणि बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर हे सगळं नंतर. बंद खोलीत एक्झॉस्ट फॅन गिझरचा धूर, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडसुद्धा, उलटा आत ओढू शकतो. गिझर बाथरूमबाहेर हलवा, मगच पंख्याचा विचार करा.

स्वयंपाकघर

एलपीजी जळताना पाण्याची वाफ होते. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून जवळपास २२ लिटर पाणी घरात सुटतं, डाळभाताची वाफ वेगळी. बाहेर जाणारा पाइप नसलेली चिमणी वास कमी करते, वाफ मात्र घरातच राहते. पाइप थेट बाहेर जाणारी चिमणी घ्या, किंवा खिडकीतला पंखा स्वयंपाक आटोपेपर्यंत चालू ठेवा.

एसी आणि डिह्युमिडिफायर

साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवून तिच्यातलं पाणी काढतो. खोलीच्या मानाने फार मोठा एसी चटकन गार करून थांबतो आणि पाणी कमी काढतो. १८ अंशांवर ठेवलात तर सामायिक भिंत इतकी गार होते की पलीकडच्या खोलीतल्या कपाटामागे बुरशी धरते. २५-२६ अंश ठेवा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

कपडे घरात वाळवणं टळत नसेल तर एका खोलीत दार-खिडक्या लावून कॉम्प्रेसरचा डिह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढणारं यंत्र) लावा. खोक्यावरचा ‘दिवसाला अमुक लिटर’ हा आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचा असतो. हवा कोरडी होत जाते तसं पाणी बरंच कमी निघतं. हातात मावणारे, कॉम्प्रेसर नसलेले छोटे पेल्टिअर डिह्युमिडिफायर खोलीसाठी घेऊ नका.

बुरशी पुसताना ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. ओल गेल्याशिवाय भिंतीला नवा रंगही देऊ नका. एक साधा आर्द्रतामापक घ्या आणि आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहतो का ते बघा. पाऊस ओसरून बाहेरची हवा कोरडी झाली की मात्र समोरासमोरच्या खिडक्या दिवसभर सताड उघड्या ठेवा.