टाचेमागची शीर: पायरीवरचा उपाय

सकाळची पहिली पावलं टाकताना टाचेच्या दोन-तीन बोटं वर दुखायचं, चिमटीत धरली की शीर जाड लागायची. हा अकिलीस टेंडनचा, म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या जाड पट्ट्याचा त्रास. नुसत्या विश्रांतीने भागलं नाही. टेंडनला भार हवाच. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून दोन्ही पायांनी वर, मग एकट्या दुखऱ्या पायावर सावकाश खाली. गुडघा ताठ ठेवून १५ चे ३ सेट, किंचित वाकवून तेवढेच, कारण तेव्हा पोटरीतला आतला स्नायू, सोलियस, जास्त राबतो. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या सकाळी वाढलं तर सेट कमी करायचे.

दुखणं थेट टाचेच्या हाडापाशी असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका, तिथे टेंडन हाडावर दाबला जातो. आणि मागून लाथ बसल्यासारखं वाटून ‘फट्’ आवाज आला, तर पायरी राहू द्या, तडक हाडांच्या डॉक्टरकडे.