छातीत दुखायच्या आधीची तयारी

घरात पल्मनरी हायपरटेन्शनचा (फुप्फुसांच्या धमन्यांत दाब वाढण्याच्या आजाराचा) पेशंट असेल तर पहिलं काम कागदाचं. औषधांची नावं, डोस, वेळा मोठ्या अक्षरात लिहा आणि कागद पेशंटच्या पाकिटात ठेवा. त्यात सिल्डेनाफिल, टाडालाफिल किंवा रिओसिग्वाट असेल तर खाली लाल पेनाने आणखी एक ओळ घाला: ‘नायट्रेट देऊ नये’. छातीत दुखलं की जिभेखाली नायट्रेटची गोळी, हे लोकांच्या इतकं अंगवळणी पडलंय की मदतीला धावणारा तीच आधी शोधतो. या औषधांवर ती पडली तर बीपी धाडकन कोसळतं. घरात दुसऱ्या कुणासाठी ती आणलेली असेल तर डबी वेगळ्या खणात हलवा, आजच.

दुसरं, फाइल. शेवटचा टूडी इको, रक्ताचे रिपोर्ट, आणि जुना ईसीजी हवाच. हृदयाच्या उजव्या बाजूवरच्या ताणाच्या खुणा आधीच्या की आजच्या, हे त्याच्याशी ताडून कळतं. अँजिओग्राफी जुनी आणि ‘नॉर्मल’ असली तरी निर्धास्त राहू नका. वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदयाचा उजवा कप्पा जाड होतो, ताणतो आणि त्यालाच रक्त अपुरं पडतं. कधी फुगलेली पल्मनरी धमनी शेजारच्या डाव्या कोरोनरीला, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमनीला, दाबते. दोन्हींत छाती दुखते, गुठळी नसतानाही.

वजनकाटा पलंगाजवळ असू द्या. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आत वजन करून तारखेसह लिहा. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी. नडगीवर अंगठा दाबून सोडा. खळगा तसाच राहिला तर डॉक्टरांना फोन.

पंपावर एपोप्रोस्टेनॉल (याच आजारावरचं, शिरेतून सतत द्यायचं औषध) चालू असेल तर बदली पंप आणि तयार औषध पिशवीत कायम भरलेलं हवं. या औषधाचा असर थोड्या मिनिटांतच ओसरतो, त्यामुळे हॉस्पिटलात कुणी ‘पंप तात्पुरता बंद करू’ म्हणालं तर त्यांना अडवा, आधी तुमच्या डॉक्टरांशी बोलायला लावा.

छातीत दुखल्यावर ॲस्पिरिन द्यायची का, हे डॉक्टरांना पुढच्या भेटीतच विचारून ठेवा; रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मनाने देऊ नये.

छातीत दुखणं थांबत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, धडधड बेताल असेल किंवा चालताना पेशंट बेशुद्ध पडला असेल, तर ॲम्ब्युलन्सच. दोन मिनिटांत शुद्ध आली तरीही. आणि त्याला जिना चालत उतरू देऊ नका. उचलून न्यायची खुर्ची कुठली आणि कोण दोघं उचलणार, हे आत्ताच ठरवा.