स्विचचा पोर्ट लावताना वायरची दोन्ही टोकं बघा

पोर्टवर पहिली कमांड देण्याआधी वायरच्या पलीकडे काय आहे ते शोधा. एलएलडीपी (शेजारची उपकरणं एकमेकांना आपली ओळख कळवतात तो प्रोटोकॉल) चालू असेल तर शेजारच्या उपकरणाचं नाव आणि पोर्ट तिथल्या तिथे दिसतो. नसेल तर मॅक टेबल बघा, म्हणजे कुठल्या पोर्टवर कुठला हार्डवेअर पत्ता दिसतोय याची स्विचकडची यादी. मग लगेच डिस्क्रिप्शन लिहा. नुसतं ‘सर्व्हर’ लिहून भागत नाही. कुठला सर्व्हर, त्याचं कितवं कार्ड, कुठल्या पॅच पॅनलवरून आलाय, हे सगळं हवं. मध्यरात्री लिंक पडते तेव्हा हीच ओळ उपयोगी पडते, म्हणून डिस्क्रिप्शनशिवाय मी कुणाला पोर्ट चालू करून देतच नाही.

आता स्पीड आणि डुप्लेक्स. फुल डुप्लेक्स म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पाठवणं, हाफ म्हणजे एका वेळी एकानेच. इथे माझं मत ठाम आहे: दोन्ही बाजू ऑटोवर ठेवा, उपकरणं आपापसांत बोलणी करून हे ठरवतील. ‘फिक्स केलं की लिंक पक्की राहते’ ही समजूत फास्ट इथरनेटच्या सुरुवातीच्या दिवसांतली. तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांचं ऑटो-निगोशिएशन खरंच अनेकदा जुळत नसे. ते दिवस गेले, समजूत मात्र राहिली, आणि तिच्यातूनच फार चिवट बिघाड होतो. समजा, कुणी स्विचवर १०० आणि फुल डुप्लेक्स बांधून टाकलं आणि समोरचा सर्व्हर ऑटोवरच राहिला. स्विचने बोलणी बंद केली. येणाऱ्या सिग्नलवरून सर्व्हरला स्पीड १०० आहे हे कळतं, पण डुप्लेक्स कळायला काही मार्गच नसतो. मग तो नियमाप्रमाणे हाफ धरतो. लिंकचा दिवा हिरवा, पिंगही जातं. मोठी फाइल पाठवायला घेतली की वेग पार झोपतो.

हे पकडायचं तर दोन्ही टोकांचे काउंटर क्लिअर करा, थोडं ट्रॅफिक जाऊ द्या आणि आकडे शेजारीशेजारी ठेवून वाचा. हाफच्या बाजूला लेट कोलिजन वाढताना दिसतील, म्हणजे फ्रेमचे (डेटाच्या एका पाकिटाचे) पहिले ६४ बाइट निघून गेल्यावर झालेली टक्कर. नीट लावलेल्या लिंकवर ती होताच कामा नये. फुलच्या बाजूला सीआरसी एरर (तपासणीचा आकडा न जुळलेल्या फ्रेम) आणि रंट (किमान लांबीपेक्षा लहान फ्रेम) दिसतील. समोरच्याने टक्कर समजून मध्येच सोडून दिलेल्या फ्रेमचे ते तुकडे. ही जोडी दिसली की केबल बदलत बसू नका, सेटिंग बदला. सीआरसी वाढतायत पण दोन्ही बाजू फुलवर आहेत, असं असेल तर मात्र केबल, कनेक्टर नाहीतर फायबरच्या ऑप्टिक मॉड्यूलकडे वळा.

तांब्याच्या गिगाबिट लिंकवर तर ऑटो लागतंच, कारण क्लॉकचा मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण हेसुद्धा त्याच बोलणीत ठरतं. गिगाबिट पोर्ट १००वर येऊन थांबला तर आधी केबल तपासा: गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १००ला दोनच पुरतात.

व्हीलॅनकडे वळू, म्हणजे एकाच स्विचवर केलेली वेगवेगळी आभासी नेटवर्कं. टोकाच्या मशीनला ॲक्सेस पोर्ट (एकच व्हीलॅन), स्विच ते स्विच ट्रंक (टॅग लावून अनेक व्हीलॅन). ट्रंकवर लागतील तेवढेच व्हीलॅन सोडा. सिस्को आयओएसवर चालू ट्रंकमध्ये नवा व्हीलॅन घालताना ‘ॲड’ हा शब्द विसरलात तर जुनी यादी पुसली जाते आणि नव्या एकट्या व्हीलॅनवर ट्रंक उरतो. मी ही ओळ एंटर मारण्याआधी मोठ्याने वाचते. नेटिव्ह व्हीलॅन, म्हणजे ट्रंकवर टॅगशिवाय जाणारा व्हीलॅन, दोन्ही टोकांना एकच ठेवा. तो वेगळा असला तर टॅग नसलेल्या फ्रेम एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात शिरतात आणि एररचा एकही काउंटर हलत नाही.

टोकाच्या पोर्टवर एज किंवा पोर्टफास्ट लावा, नाहीतर जुन्या स्पॅनिंग ट्रीत (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारा प्रोटोकॉल) पोर्ट ३० सेकंद अडकतो आणि तेवढ्यात आयपी पत्ता मागणारं डीएचसीपी हात टेकतं. सोबत बीपीडीयू गार्ड हवाच, म्हणजे तिथे कुणी स्विच आणून जोडला आणि त्याचे स्पॅनिंग ट्रीचे संदेश (बीपीडीयू) आले तर पोर्ट स्वतःहून बंद होईल.

एमटीयू, म्हणजे एका फ्रेममध्ये मावणारा जास्तीत जास्त डेटा, ९००० बाइट करायचा असेल तर वाटेतल्या प्रत्येक पोर्टवर करा. लेयर दोनचा स्विच मोठी फ्रेम गुपचूप टाकून देतो, पाठवणाऱ्याला काही कळवत नाही. तपासायला ‘डोन्ट फ्रॅगमेंट’ (तुकडे करू नका) लावून ८९७२ बाइटचं पिंग मारा. त्यात आयपी हेडरचे २० आणि आयसीएमपी (पिंग वापरतं तो प्रोटोकॉल) हेडरचे ८ मिळून बरोबर ९००० होतात.

आणि ज्या लिंकवरून तुम्ही स्वतः लॉगिन आहात तिलाच हात लावायचा असेल तर आधीचं कॉन्फिग सेव्ह असल्याची खात्री करून सिस्कोवर ‘रीलोड इन १०’ द्या, मगच बदल करा. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर परत येईल. रीलोडमुळे त्यावरचे बाकीचे सगळेही खाली जातील, म्हणून वेळ तशी निवडा. जुनिपरवर ‘कमिट कन्फर्म्ड’ हेच काम रीलोडशिवाय करतं. सगळं जुळलं, दोन्ही टोकांचे काउंटर शांत दिसले, की ‘रीलोड कॅन्सल’ द्या आणि त्यानंतर सेव्ह करा.