टोमॅटो-बेसिल पेस्तो: आधी टोमॅटोचं पाणी काढा

पेस्तो म्हणजे बेसिल, दाणे, लसूण आणि तेल वाटून केलेली इटालियन चटणी; पास्त्यात कालवतात. टोमॅटोचा पेस्तो इटलीच्या सिसिली बेटावरल्या त्रापानीचा. जेनोव्हाच्या हिरव्या पेस्तोत चिलगोज्यासारखे पाइनचे दाणे असतात, यात बदाम. गोव्यात काजू हाताशी असतो, तोही चालतो; मात्र जाडसरच वाटा. बारीक झाला की पेस्तोची ग्रेव्ही होते.

चौघांसाठी 400 ग्रॅम पास्ता, 500 ग्रॅम टोमॅटो, बेसिलची 40-50 पानं, 50 ग्रॅम काजू किंवा बदाम, लसणीच्या 2 पाकळ्या (गावठी बारीक असतील तर 4), 60 मिली ऑलिव्ह तेल, 40 ग्रॅम किसलेलं पार्मेझान चीज. वृंदावनातली तुळस नको, तिचा लवंगेसारखा वास सगळ्यावर चढतो. बेसिल नाहीच मिळालं तर सब्जाची कोवळी पानं घ्या. वास उग्र वाटला तर निम्मीच.

खरी मेख टोमॅटोत. बेळगावहून येणारा टोमॅटो बरेचदा कडक असतो. दोन दिवस फ्रिजबाहेर ठेवून पूर्ण लाल होऊ द्या. बुडाला फुली मारून उकळत्या पाण्यात 30 सेकंद, लगेच गार पाण्यात. साल हातानं सुटते. बिया काढून चिरा, अर्धा चमचा मीठ लावून चाळणीत 20 मिनिटं निथळत ठेवा. खाली साचलेलं पाणी सारात घाला. ही पायरी गाळली की पास्ता एकीकडे आणि लाल पाणी ताटलीच्या तळाला.

रगड्यावर किंवा खलात आधी लसूण-मीठ, मग भाजून गार केलेले काजू, मग बेसिल, शेवटी टोमॅटो. मिक्सर असेल तर भांडं फ्रिजमध्ये थंड करा आणि थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं की पातं तापून पानं काळवंडतात. तेल मात्र चमच्यानंच ढवळा, मिक्सरमध्ये ऑलिव्ह तेल कडवट होऊ शकतं.

पास्ता 4 लिटर पाण्यात, 40 ग्रॅम मीठ घालून, पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधी काढा. वाटीभर पाणी राखा. गॅस बंद करून पेस्तो, दोन-तीन चमचे ते पाणी आणि सगळ्यात शेवटी चीज. पेस्तो आचेवर शिजवला की बेसिलचा वास गेलाच, आणि चीजच्या गुठळ्या होतात.

उरला तर वर तेलाचा थर देऊन फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवा. तेलातली कच्ची लसूण ओट्यावर ठेवू नका; तेलाखाली हवा नसते, तिथे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात, आणि वासावरून ते कळत नाही.