एकपदींची गणितं सोडवताना या चुका टाळा

एकपदी म्हणजे 2अ² सारखी एकाच पदाची राशी. 2अ² + 3अ² चं उत्तर 5अ⁴ असं लिहिलेलं वरचेवर दिसतं. सहगुणकांची (अक्षराआधीच्या आकड्यांची) बेरीज बरोबर आहे, पण पाठोपाठ घातांकांचीही (अक्षरावरच्या छोट्या आकड्यांचीही) बेरीज केली आणि तिथे गणित बिघडलं. दोन अ² आणि तीन अ² मिळून पाच अ² होतात, म्हणजे 5अ². बेरीज-वजाबाकीत घातांकाला हातच लावायचा नसतो. शिवाय पदं सरूप हवीत, म्हणजे अक्षर आणि घातांक दोन्ही सारखे हवेत. 2अ² + 3अ हे आहे तसंच ठेवायचं, त्याचं 5अ³ होत नाही. नुसता अ² दिसला तर त्याचा सहगुणक 1 धरा: अ² + 3अ² = 4अ².

गुणाकारात सहगुणकांचा गुणाकार होतो आणि घातांकांची बेरीज: 2अ² × 3अ³ = 6अ⁵. उत्तर 6अ⁶ येत असेल तर एकदा उलगडून लिहा:

(अ × अ) × (अ × अ × अ)

मोजा, अ पाच वेळा आहे. नियम घोकण्यापेक्षा मला हेच जास्त भरवशाचं वाटतं, कारण नियम विसरला तरी तो इथून पुन्हा मिळतो. भागाकारात घातांक वजा होतात, त्यांना भागायचं नसतं: 12अ⁶ ÷ 3अ² = 4अ⁴. आणि अ³ ÷ अ³ म्हणजे 1 (अ शून्य नसेल तर). सगळं कटलं म्हणून 0 लिहू नका.

खरी गोची होते कंसापाशी. −3अ² मध्ये वर्ग फक्त अ चा आहे. (−3अ)² मध्ये −3 चाही वर्ग होतो, म्हणून 9अ². अ = 2 ठेवलं तर पहिल्याची किंमत −12 आणि दुसऱ्याची 36, इतका फरक पडतो. तसंच (2अ³)² = 4अ⁶; 2अ⁶ लिहिलं तर 2 चा वर्ग करायचा राहून गेला. 4अ − (−7अ) मधलं एक उणे चिन्ह लिहिताना गळलं, की 11अ ऐवजी −3अ येतं.

उत्तराची शंका आली तर अ ला किंमत देऊन पडताळा घ्या, पण किंमत जपून निवडा. अ = 1 ठेवलं तर 2अ² + 3अ² आणि 5अ⁴ दोन्ही 5 येतात, चूक सापडतच नाही. 0 चंही तसंच. 2 सुद्धा दगा देतो: 2 + 2 आणि 2 × 2 दोन्ही 4, त्यामुळे अ + अ = अ² बरोबर वाटतं. 3 घ्या. मग 2अ² + 3अ² चे 45 येतात आणि 5अ⁴ चे 405.