पाणी ओसरले तरी धोका आत असतो : बुडालेल्या ईव्हीजवळ या चुका टाळा

सप्टेंबर २०२२ मध्ये इयन चक्रीवादळाने समुद्र फ्लोरिडातल्या घरांच्या दारात आणून सोडला. पाणी ओसरले आणि मग भिजलेल्या इलेक्ट्रिक गाड्या पेटू लागल्या. लोकांना सोडवून दमलेल्या अग्निशमन जवानांपुढे हे वेगळेच काम येऊन पडले.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गाडी वरून कोरडी दिसली की ती सुरक्षित मानणे. बॅटरीत शिरलेल्या खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. ते सुकले तरी मिठाचा थर मागे उरतो, धातू गंजतो आणि आत शॉर्टसर्किट होते. ते काही तासांत होईल की काही आठवड्यांनी, याचा नेम नाही. कोकणात भरतीच्या वेळी खाडीचे पाणी पुरात मिसळते. तिथे बुडालेली प्रत्येक ईव्ही खाऱ्या पाण्यातली समजूनच हाताळावी. अशी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गॅरेजच्या शेडमध्ये ढकलून ठेवू नका. इमारती आणि इतर वाहनांपासून ती किमान ५० फूट, म्हणजे १५ मीटर, लांब उघड्यावर हवी.

याच्या उलट चूकही होते, आणि ती जीव घेऊ शकते : पाण्यात करंट उतरला असेल या भीतीने आत अडकलेल्या माणसाला हात न लावणे. या गाड्यांमध्ये उच्च दाबाच्या विजेची यंत्रणा बॉडीपासून विलग ठेवलेली असते. गाडी पाण्यात आहे एवढ्यावरून शॉक बसेल असे नाही. आधी माणूस बाहेर काढा. फक्त उच्च दाबाची वीज नेणारी नारिंगी केबल आणि फुटलेली बॅटरी यांपासून दूर राहा, नारिंगी केबल कापू तर मुळीच नका.

इंजिनाचा आवाज नाही म्हणून गाडी बंद आहे, असे धरू नका. ईव्हीची हिरवी नंबरप्लेट दिसताच चाकांना अडवणारे ठोकळे लावा, गिअर पार्कमध्ये टाकून गाडी बंद करा, चावी लांब न्या आणि १२ व्होल्टची बॅटरी सोडवा. एवढे केले तरी मुख्य बॅटरीतला चार्ज तसाच राहतो.

आग लागलीच, तर पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडने ज्वाळा दबते, सेलची उष्णता नाही. बॅटरीवर बराच वेळ भरपूर पाणी मारावे लागते. बॅटरीच्या पेटीला भोक पाडू नका. धुरात हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू असतो, म्हणून उघड्यावरही बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा देणारे श्वसनयंत्र, हवाच.

आग विझली की निघायची घाईही नको. मार्च २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथे अपघातात पेटलेल्या टेस्लाची बॅटरी पाच दिवसांनी, उचललेल्या गाड्या ठेवतात त्या यार्डात, पुन्हा पेटली. न जळलेल्या सेलमध्ये वीज शिल्लक राहते. उष्णता दाखवणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याने बॅटरीवर नजर ठेवा आणि गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट तळाच्या ट्रकवर, चारही चाके उचलूनच हलवा, कारण चाके फिरली की मोटर वीज तयार करते. ती गाडी किती वेळ पाण्यात होती आणि आग लागली होती का, हे टोइंगवाल्याला आणि यार्डातल्या माणसाला समोर उभे राहून सांगा.